जुना का नवा? : एका विशेषणाची सोबत

जालन्यात रिक्षा केली की पत्त्याच्या आधी एक गोष्ट सांगावी लागते : जुना का नवा? कुंडलिका नदी गावाच्या मधून वाहते आणि गावाचे दोन भाग करते. आनंदी स्वामींचं मंदिर, गांधी चमन जुन्या जालन्यात. मामा चौक नव्या जालन्यात. पूल ओलांडला की विशेषण बदलतं. लग्नपत्रिकेवर, दुकानाच्या पाटीवर, पोस्टाच्या पाकिटावर ‘नवीन जालना’ असं छापलेलं असतं; बोलताना त्याचाच ‘नवा जालना’ होतो.

या नव्या जालन्यात नवं काय, असा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटिअरात जालना आणि नदीच्या समोरच्या काठावरचं कादराबाद अशी जोडी भेटते. तेच कादराबाद आज नव्या जालन्यातली एक वस्ती आहे. म्हणजे ‘नवा’ म्हणवणाऱ्या या भागात कित्येक पिढ्या जन्मल्या, म्हाताऱ्या झाल्या आणि गेल्या. विशेषण मात्र तरुणच राहिलं.

जगात हे इतरत्रही घडलं आहे. ऑक्सफर्डमधलं ‘न्यू कॉलेज’ १३७९ साली स्थापन झालं. न्यूकॅसल या शहराला ज्या किल्ल्यावरून नाव मिळालं तो ‘नवा किल्ला’ १०८० सालचा. पॅरिसमध्ये सेन नदीवरच्या एका पुलाचं नावच ‘नवा पूल’ या अर्थाचं आहे. तो १६०७ साली पुरा झाला आणि आज त्या शहरात सेनवर उभा असलेला सर्वांत जुना पूल तोच आहे. नाव ठेवताना शेजारी एक जुनी वस्तू होती, तिच्यापासून वेगळं दाखवायला ‘नवा’ लावला. पुढे जुनी वस्तू राहो की जावो, विशेषण नामाला चिकटून बसलं.

त्यामुळे ‘नवा म्हणजे काय’ हे कोशात पाहून अर्धंच कळतं. उरलेलं अर्धं त्या शब्दाच्या सोबतीत असतं : तो कोणत्या नामाच्या शेजारी बसतो, कोणत्या क्रियापदाला धरतो आणि कोणाच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही.

इंग्रजांनी मोजलेली सोबत

शब्दांच्या या सोबतीचा पद्धतशीर अभ्यास इंग्रजीत झाला, आणि गंमत म्हणजे त्याची सुरुवात परक्यांना इंग्रजी शिकवण्याच्या गरजेतून झाली. हॅरल्ड पामर हे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ जपानमध्ये होते. जपानी विद्यार्थ्यांचं व्याकरण बरोबर असतं, शब्दांचे अर्थ पाठ असतात, तरी वाक्य इंग्रजी वाटत नाही, ही त्यांची अडचण होती. त्यांनी १९३३ साली टोकियोत शब्दांच्या ठरलेल्या जोड्यांचा एक अहवालच प्रसिद्ध केला. पुढे लंडन विद्यापीठातले जे. आर. फर्थ यांनी या विचाराला सिद्धान्ताचं रूप दिलं. माणूस जसा संगतीवरून ओळखावा तसा शब्दही, असं त्यांचं म्हणणं. हे फर्थ तरुणपणी लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. १९८७ साली बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या संपादनाखाली संगणकात साठवलेल्या खऱ्याखुऱ्या मजकुरावरून ‘कोबिल्ड’ कोश तयार झाला. २००२ मध्ये ऑक्सफर्डने तर फक्त शब्दजोड्यांचा कोश काढला. ‘टी’ या नामापुढे कोणतं विशेषण, ‘रेन’पुढे कोणतं, एवढंच त्यात पाहायचं.

मायकेल हॅलिडे यांचं या विषयातलं उदाहरण चहाचंच आहे. इंग्रजीत चहा ‘स्ट्राँग’ असतो, ‘पॉवरफुल’ नसतो. मोटार मात्र ‘पॉवरफुल’ असते. दोन्ही विशेषणांचा अर्थ जवळजवळ एकच, तरी अदलाबदल चालत नाही. का चालत नाही, याला नियम नाही. चालत नाही, एवढंच.

मराठी वाचकाला हे उदाहरण लगेच पटेल, कारण आपला चहा ‘कडक’ असतो. आणि कडक काय काय असतं ते पाहावं : कडक ऊन, कडक शिस्त, कडक उपवास, कडक बंदोबस्त, कडक इस्त्री, कोरी कडक नोट. इंग्रजीत यातल्या प्रत्येकाला वेगळं विशेषण शोधावं लागतं. चहा स्ट्राँग, शिस्त स्ट्रिक्ट, बंदोबस्त टाइट, नोट क्रिस्प. शाळेतलं पोर ‘कडक म्हणजे हार्ड’ एवढं पाठ करून ‘हार्ड टी’ लिहितं आणि लाल रेघ खातं. त्याचं व्याकरण चुकलेलं नसतं, शब्दाचा अर्थही चुकलेला नसतो. चुकलेली असते सोबत. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं २००० साली. त्यानंतरच्या पिढीला इंग्रजी शब्द आधीच्या पिढीपेक्षा खूप जास्त येतात, पण ‘मोठा पाऊस’चा ‘बिग रेन’ अजूनही होतोच.

तीन भाऊ

‘नवा’कडे वळायचं ते याच नजरेनं. इंग्रजीत ‘गुड’पाठोपाठ सर्वाधिक वापरलं जाणारं विशेषण ‘न्यू’. मराठीत त्याच्या जागेवर एक नाही, तीन शब्द उभे आहेत : नवा, नवीन आणि नूतन.

तिघांचं मूळ घराणं एकच. संस्कृत ‘नव’ प्राकृतातून झिजत आला आणि त्याचा घरगुती ‘नवा’ झाला. फारसीतला ‘नौ’ त्याचा चुलतभाऊ : नवरोज म्हणजे नवा दिवस, नौजवान म्हणजे नवा जवान. लॅटिनमधला ‘नोवुस’ आणि इंग्रजीतला ‘न्यू’ हे आणखी लांबचे भाऊबंद. ‘नवीन’ आणि ‘नूतन’ मात्र प्राकृताच्या पायवाटेनं न येता संस्कृतातून थेट पालखीत बसून आले.

या फरकाचा पहिला परिणाम व्याकरणात दिसतो. ‘नवा’ आकारान्त आहे, म्हणून तो नामासमोर वाकतो : नवा सदरा, नवी साडी, नवं घर, नव्या घरात. ‘नवीन’ कोणापुढे वाकत नाही : नवीन सदरा, नवीन साडी, नवीन घरात. शाळेच्या पुस्तकात याला विकारी आणि अविकारी म्हणतात. बोलणाऱ्याच्या तोंडी मात्र हा सोयीचा मामला आहे. ज्या नामाचं लिंग डळमळीत, तिथे ‘नवीन’ हाताशी येतो. ॲप तो की ते? पोर्टल ते की तो? ‘वाण’ हा शब्द बियाण्याच्या दुकानात कोणी पुल्लिंगी वापरतं, कोणी नपुंसकलिंगी. ‘नवीन ॲप’, ‘नवीन पोर्टल’, ‘नवीन वाण’ म्हटलं की वाद मिटतो. जालना बियाण्याचं गाव. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको कंपनी सुरू केली आणि पुढे गावाची ओळखच बियाण्याची झाली. त्यामुळे ‘नवीन वाण’ ही जोडी इथल्या भिंतींवर, पिशव्यांवर आणि माहितीपत्रकांवर ठळक अक्षरात असते.

सरकारी मराठीनंही याच सोयीसाठी ‘नवीन’ला जवळ केलं. नवीन शिधापत्रिका, नवीन नळजोडणी, नवीन वीजजोडणी, नवीन मतदार नोंदणी. अर्जाच्या छापील नमुन्यात पुढचं नाम काहीही येवो, विशेषण बदलावं लागत नाही. कार्यालयाला आणखी काय हवं?

‘नूतन’ची राहणी निराळी. तो निमंत्रणपत्रिकेत राहतो. नूतन वास्तूची वास्तुशांती असते, नूतन पदाधिकाऱ्यांचा सत्कार असतो, नूतन वर्षाभिनंदन असतं, आणि शाळांच्या नावात ‘नूतन विद्यालय’ असतं. नूतन चप्पल कोणी घेत नाही, नूतन भाजी कोणी आणत नाही. परवाना मुदत संपून पुन्हा मिळाला की त्याचं ‘नूतनीकरण’ होतं. ‘नवीनीकरण’ कानाला खटकतं, आणि ‘नव्यीकरण’ तर भाषेच्या तोंडून निघणारच नाही.

मग ‘नवा’च्या वाट्याला काय उरलं? भाषेचं काळीज. जिथे वाक्प्रचार आहे, म्हण आहे, भावना आहे, तिथे ‘नवा’ला पर्याय नाही. ‘नव्याने सुरुवात’ करता येते, ‘नवीनाने’ करता येत नाही. ‘नव्या दमाचा’ गडी असतो, ‘नवीन दमाचा’ नसतो. ‘नवा गडी नवं राज्य’ यात ‘नवीन’ घालून पाहा, म्हणीचा जीव जातो. नवखा, नवशिका, नवलाई, नवथर ही पिल्लंही ‘नवा’च्याच घरातली.

एकच नाम घेतलं तर हा फरक आणखी स्पष्ट दिसतो. कार्यालयात ‘नवीन शिपाई’ आला म्हणजे कालपरवा नेमणूक झालेला कर्मचारी आला. त्याला कोणती फाइल कुठे असते ते दाखवावं लागतं. आणि केशवसुतांच्या कवितेतला ‘नवा शिपाई’? तो जुन्या समाजाशी झुंजायला उभा राहिलेला नव्या विचारांचा माणूस. नाम तेच, अर्थ म्हणायला तोच, पण एका विशेषणानं हजेरीपट धरला आणि दुसऱ्यानं झेंडा. राजकारणी लोकांना हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून भाषणात ‘नवा महाराष्ट्र’ घडतो आणि शासन निर्णयात ‘नवीन योजना’ निघते.

आखूड ‘नव’ ही चौथी जात. ती मुख्यतः संस्कृत शब्दांशी सोयरीक करते : नववधू, नवजात, नवसाक्षर, नवमतदार, नवउद्योजक. १९४५च्या आसपास गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर यांच्या कथेला ‘नवकथा’ म्हणू लागले, मर्ढेकरांच्या कवितेला ‘नवकाव्य’. हे नाव आजही टिकून आहे, जरी त्या कथा आता ऐंशी वर्षांच्या होत आल्या. ‘नवगाडी’ किंवा ‘नवभाकरी’ मात्र कोणी म्हणणार नाही.

नामासोबत : जुना म्हणजे सगळीकडे जुना नाही

विशेषणाची खरी परीक्षा त्याच्या विरोधी शब्दाशी लावली की होते. इंग्रजीत ‘न्यू’ आणि ‘यंग’ या दोघांचाही विरोधी ‘ओल्ड’ एकच. मराठीत ‘ओल्ड’चे कितीतरी तुकडे पडतात. माणूस म्हातारा, भाकरी शिळी, लोणचं मुरलेलं, भाऊ थोरला. ‘जुना माणूस’ म्हटलं तर वय कळतच नाही; तो गिरणीत पंचवीस वर्षं कामाला असलेला पंचेचाळिशीचा गडीही असू शकतो. ‘जुना मित्र’ आणि ‘म्हातारा मित्र’ यांत कोणाचाही घोटाळा होत नाही. इंग्रजीत ‘ओल्ड फ्रेंड’ म्हटलं की तो जुना की म्हातारा, हे पुढच्या वाक्यावर सोडावं लागतं.

‘नवा’चाही असाच घोळ आहे, पण तो दोन्ही भाषांत सारखा. शेजाऱ्यांनी ‘नवी गाडी’ घेतली असं ऐकून पाहायला जावं, तर ती दहा वर्षं चाललेली, दुसऱ्या मालकाकडून घेतलेली. तरी ती नवीच, कारण या घरात नवी. वर्गात आलेले ‘नवे सर’ निवृत्तीला दोन वर्षांवर आलेले असू शकतात. नवेपणा वस्तूत कमी आणि नात्यात जास्त असतो.

पदार्थांच्या बाबतीत तर ‘नवा’ नेहमी चांगला असेल असंही नाही. जुना तांदूळ मोकळा शिजतो, नवा चिकट होतो. म्हणून ‘जुना तांदूळ’ ही किमतीची जात. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, उलटसुलट दोन्ही हिशेब चालतात. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ‘नवं सोयाबीन’ येऊ लागतं. आवक वाढते, आणि आडत्या पोत्यात हात घालून मूठभर दाणे बाहेर काढतो, दाताखाली एक फोडून पाहतो. नव्या मालात ओलावा असतो. हमीभावानं खरेदीसाठी तो १२ टक्क्यांच्या आत लागतो. व्यापारीही त्याच हिशेबानं भाव पाडतो. त्या आठवड्यात मोंढ्यात ‘नवा माल’ या दोन शब्दांचा अर्थ ‘ओला माल’ असाच घेतला जातो. तीच जोडी कापडाच्या दुकानात उच्चारली की तिचा अर्थ ‘ताजी फॅशन’ होतो आणि भाव चढतो.

इंग्रजीत ‘अगदी नवं’ म्हणायला ‘ब्रँड-न्यू’ म्हणतात. हा ब्रँड म्हणजे आजची जाहिरातीतली छाप नव्हे. त्याचा मूळ अर्थ जळतं लाकूड, आग. भट्टीतून नुकतंच निघालेलं, अजून गरम असलेलं ते ब्रँड-न्यू. शेक्सपिअरच्या काळात ‘फायर-न्यू’ असाही शब्द चालत असे. जालन्याच्या लोखंडी सळयांच्या कारखान्यांत ज्यानं भट्टीतून लालभडक गज निघताना पाहिला आहे, त्याला या जोडीचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. मराठीनं मात्र हीच गोष्ट आगीकडून न घेता मागाकडून आणि कुंभाराकडून घेतली. आपल्याकडे ‘नवं कोरं’ असतं. कोरं म्हणजे अजून पाणी न लागलेलं कापड, पाणी न भरलेलं मडकं, अक्षर न उमटलेला कागद. एका भाषेत नवेपण गरम आहे, दुसरीत कोरडं.

‘न्यू मून’ ही जोडी अशीच फसवते. तिचा शब्दशः अर्थ ‘नवा चंद्र’, पण पंचांगाच्या हिशेबात ती अमावास्या. ज्या रात्री चंद्र दिसतच नाही, तिला इंग्रज नवा चंद्र म्हणतात. आपण कोर दिसेपर्यंत थांबतो.

‘फ्रेश’ या शब्दाचं तर आपण पूर्ण मराठीकरण करून टाकलं. पाहुणे आले की घरातली बाई म्हणते, “आधी फ्रेश होऊन या, मग चहा टाकते.” फ्रेश अधिक होणे, ही जोडी आता अस्सल मराठी आहे, तिचा अर्थ हातपाय-तोंड धुणे. इंग्रजीत मात्र ‘गेट फ्रेश’ म्हणजे एखाद्याशी आगाऊपणा करणे, सलगी दाखवणे. विशेषण तेच, क्रियापद जवळजवळ तेच, आणि पाहुण्याला सांगायचं काय ते पार उलटं.

क्रियापदासोबत : नवा होत नाही, करावा लागतो

विशेषण आणि क्रियापद यांची सोबत नामापेक्षाही हट्टी असते. इंग्रजीत दूध आंबट ‘जातं’ किंवा ‘वळतं’, विहीर कोरडी ‘धावते’, स्वप्न खरं ‘येतं’, माणूस म्हातारा ‘वाढतो’. शब्दाला शब्द ठेवला की हसू येतं. मराठीत दूध नासतं, विहीर आटते, स्वप्न खरं होतं. इंग्रजीला जिथे विशेषण आणि क्रियापद अशी दोन चाकं लागतात, तिथे मराठी पुष्कळदा एका क्रियापदावर भागवते. इंग्रजीतल्या ‘गो’ची एक खोड अभ्यासकांनी टिपली आहे : ते बहुधा बिघाडाकडे जातं. माणूस वेडा, टकला, दिवाळखोर ‘गो’नं होतो; बरा व्हायचा असेल तर ‘गेट’ लागतं.

आपल्याकडे हे काम ‘पडणे’ करतं. आजारी पडणे, पिवळा पडणे, थंड पडणे, ढिला पडणे, एकटा पडणे, बंद पडणे, महागात पडणे. विशेषणाला ‘पडणे’ लागलं की उतार समजावा. यात एक योगायोग सापडतो : इंग्रजीतही माणूस आजारी ‘फॉल’ होतो. दोन भाषा हजारो मैलांवर वाढल्या, आजारपणात मात्र दोघींची माणसं पडलीच.

या सगळ्या गर्दीत ‘नवा’ कुठे आहे? तो फार थोड्या क्रियापदांशी बोलतो. वस्तू जुनी ‘होते’, आपोआप होते. नवी मात्र आपोआप होत नाही. नवी घ्यावी लागते, आणावी लागते, शिवावी लागते, बांधावी लागते. रंग दिल्यावर घर ‘नवं दिसायला लागतं’. ‘नवं झालं’ म्हणणारा कौतुकापोटी थोडी सूटच घेत असतो. इंग्रजीतही लोक ‘ग्रो ओल्ड’ करतात, ‘ग्रो न्यू’ कोणी करत नाही.

‘काढणे’ या क्रियापदाशी मात्र ‘नवीन’चं चांगलं जमतं, आणि तिथे त्याचा सूरच पालटतो. “आता हे काय नवीन काढलंस?” यात कौतुक अजिबात नाही. ‘नवीन’ला ‘च’ लागला की संशय पक्का : “हे नवीनच ऐकतोय.” नवी टूम, नवं खूळ, नवी ब्याद, नवं नाटक या जोड्या त्याच घरच्या. नवेपणाचं स्वागत करणारी भाषा नवेपणाकडे डोळे बारीक करूनही पाहते. ‘नव्याचे नऊ दिवस’ ही म्हण त्याच नजरेतली. इथे ‘नव’ आणि ‘नऊ’ यांचा श्लेष साधला आहे, कारण संस्कृतात दोन्हींना ‘नव’च म्हणतात. इंग्रजीतही क्षणभंगुर नवलाईला ‘नऊ दिवसांचं आश्चर्य’ म्हणतात. तिथेही नऊच.

सर्वांत वजनदार जोडी मात्र बँकेच्या आणि सोसायटीच्या पायरीवर भेटते : ‘नवं-जुनं करणे’. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला याचा अर्थ विचारावा. मार्च संपत आला की सोसायटीच्या गटसचिवाचा निरोप येतो. मागच्या हंगामाचं पीककर्ज ३१ मार्चच्या आत भरायचं आणि लगेच तेच कर्ज नव्यानं उचलायचं. अनेकदा हातउसने घेऊन ही उडी मारली जाते. दोन-चार दिवसांनी नवं कर्ज खात्यात आलं की उसने परत. घरात पैसा आलेला नसतो, गेलेलाही नसतो. फक्त कागदावरची तारीख बदलते. मुदतीत फेड झाली तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला व्याज लागत नाही, म्हणून ही धावपळ. २०१९च्या कर्जमुक्तीत दोन लाखांपर्यंतची थकबाकी माफ झाली, तेव्हा ज्यानं वेळेवर ‘नवं-जुनं’ केलं होतं तो थकबाकीदारच नव्हता. त्याच्यासाठी पुढे पन्नास हजारांपर्यंतचं प्रोत्साहन आलं. एका वाक्प्रचारामुळे माणूस कोणत्या यादीत बसतो हे ठरलं. इंग्रजीत याला ‘रिन्यू’ म्हणतात, पण ‘रिन्यू’त जुन्याचा उल्लेखच नाही. मराठी जोडीत जुनं नव्याच्या पाठीवर बसलेलं स्पष्ट दिसतं.

विरोधी विशेषणांची अशी जोडी करून तिला क्रियापद लावणं हा मराठीचा आवडता डाव आहे. ‘जिवाचं बरंवाईट करणे’, ‘काही कमी-जास्त होणे’, ‘खरं-खोटं करणे’. यातल्या एकाचाही अर्थ दोन विशेषणांची बेरीज करून निघत नाही. ‘कमी-जास्त झालं’ म्हणजे प्रमाण बदललं असं नव्हे, अनिष्ट घडलं असं. परक्याला हे कोश पाहून कळणं अवघड, आणि आपल्याला शिकवल्याशिवाय येतं.

कोकणात आणि गोव्यात तर ‘नवं’ क्रियापदाशी जोडताना विशेषण राहतच नाही. तिथे ‘नवं’ म्हणजे शेतातल्या नव्या लोंब्या. नवं घरात आणतात, दाराला बांधतात, नवं खातात. नाम गळून पडलं आणि विशेषणानंच त्याची जागा घेतली.

नावात गोठलेला शब्द

आता पुन्हा गावाच्या नावाकडे. ‘नवा’ हा विकारी, हे वर आलंच : नव्या घरात, नव्या साडीत. मग वर्तमानपत्रं ‘नवी मुंबईत’ आणि ‘नवी दिल्लीत’ असं का छापतात? नियमानं ‘नव्या मुंबईत’ हवं. पण ‘नव्या मुंबईत’ म्हटलं की वाचकाला बदललेली, आजची मुंबई आठवते. खाडीपलीकडचं, सिडकोनं १९७०नंतर वसवलेलं शहर आठवत नाही. म्हणजे ‘नवी मुंबई’ हे आता एकच नाम झालं आहे, आणि त्यातली ‘नवी’ गोठली आहे. विशेषण वाकायचं थांबलं की ते नावात मुरलं असं समजावं. भाषेनं दिलेली ही साधी कसोटी आहे.

जालना या कसोटीवर अजून पुरता उतरलेला नाही. इथे ‘जुन्या जालन्यात’ आणि ‘नव्या जालन्यात’ सहज म्हणतात. विशेषण अजून वाकतं, जिवंत आहे. मात्र लिहिताना ‘नवीन जालना भागात’ अशी पळवाट काढली जाते, कारण ‘नवीन’ मुळातच वाकत नाही आणि ‘भाग’ हा शब्द विभक्तीचा भार उचलतो. पाटीवर ‘नवीन’, तोंडात ‘नवा’ : हा घोळ नाही, वाटणी आहे. किल्लारीतही अशीच वाटणी झाली. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपानंतर गाव दुसरीकडे वसलं आणि लोक ‘जुनी किल्लारी’, ‘नवीन किल्लारी’ म्हणू लागले. तिथे मात्र ‘जुनी’ या शब्दाला ढिगाऱ्याचं ओझं आहे. जालन्यातल्या ‘जुन्या’ला तसं काही नाही, उलट थोडा रुबाबच आहे.

कोशात काय हवं

मराठीत कोशांची परंपरा मोठी आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१चा. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात सात भागांत आला, आणि पुढच्या दशकात त्यांनीच वाक्संप्रदाय कोशही केला. पहिल्या प्रकारच्या कोशाचं काम शब्दांचा अर्थ देणं, दुसऱ्याचं म्हणी-वाक्प्रचार गोळा करणं. ‘कडक चहा’, ‘नूतन वास्तू’, ‘नवीन नळजोडणी’, ‘थंड पडणे’ या जोड्या दोघांच्या मधल्या फटीत राहतात. त्यांचा अर्थ सरळ असतो म्हणून वाक्प्रचाराच्या कोशाला त्यांची गरज वाटत नाही, आणि त्या जोड्या असतात म्हणून शब्दकोशाला त्या आपल्या वाटत नाहीत. मातृभाषिकाचं त्यावाचून अडत नाही. अडतं ते मराठी शिकणाऱ्याचं : जालन्याच्या कारखान्यांत बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्या कामगाराच्या मुलाचं, परदेशात वाढलेल्या मराठी घरातल्या नातवाचं, आणि हल्ली मराठी लिहू पाहणाऱ्या यंत्राचंही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यानिमित्तानं जी कामं हाती घ्यायची, त्यांत शब्दजोड्यांच्या कोशाचं नाव वरच्या ओळीत असावं. त्यासाठी लागणारं सामान वर्तमानपत्रांच्या संग्रहात, मोंढ्यात आणि सोसायटीच्या वहीत तयार पडलेलं आहे.

‘नवा’ या शब्दाची मुदत सरकारनं एकदा संपवलीही होती. १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली तेव्हा रुपयाच्या चौसष्टाव्या भागाचा जुना पैसा अजून चलनात होता. गोंधळ नको म्हणून शंभराव्या भागाला ‘नया पैसा’ म्हटलं आणि नाण्यावर तसं कोरलं. मराठी घरांत त्याचे ‘नवे पैसे’ झाले. जुना पैसा हटला, आणि १ जून १९६४ला ‘नया’ हा शब्द सरकारी आदेशानं काढून टाकण्यात आला. जालन्याच्या ‘नव्या’ला मात्र अशी मुदत नाही. जालन्याची २०२३ मध्ये महापालिका झाली. नदीच्या दोन्ही काठांचा कारभार एका नावाखाली चालतो. रिक्षावाला मात्र अजून विचारतो, जुना का नवा?